कवडू पाटलांच्या खांबांना लावलेलं आईल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दादाला नाही, आईला नाही, आणि जिच्यासोबत सगळा जन्म काढला त्या सुमनला तर मुळीच नाही. ती आत्ता आतल्या खोलीत तांदूळ निवडते आहे. काय लिहिताय म्हणून तिनं विचारलं, तर वीजबिलाबद्दल अर्ज लिहितोय असं सांगेन. बघा — बसल्या बसल्या एक खोटं तयारसुद्धा झालं. मला ते फार लवकर सुचतं.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी बोलणं सोपं आहे. तरी हात थांबतो आहेच. कुठून सुरुवात करू? मोटारीपासून करतो. मोटारीबद्दल बोलताना निदान लाज वाटत नाही.

आमचं गाव अहेरीच्या वाटेवरचं, जंगलातलं. आमचा चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. माझ्या थोरल्या भावानं, म्हणजे दादानं, मोठी लढाई संपल्यावर, मी लहान असतानाच, लष्कराच्या लिलावातून निघालेली एक जुनी पिकअप घेतली होती. पुढे दोघातिघांची जागा, मागे उघडा हौदा. गावात सगळे तिला नुसतं मोटार म्हणायचे, कारण दुसरी मोटारच नव्हती. ती तांदूळ, चिंच, हिरडा बाजाराला न्यायची आणि येताना मीठ, घासलेट आणायची. चालवायचा पोचूभाऊ. लढाईच्या काळात तो लष्करात गाडी शिकून आला होता, आणि ते तो कुणाला विसरू देत नसे. मिशीला पीळ, गळ्यात रुमाल, तोंडाचा पट्टा अखंड चालू. गावातल्या म्हाताऱ्या त्याला चिडवायच्या की मोटार पेट्रोलवर नाही, पोचूच्या बडबडीवर चालते. त्याला ते आवडायचं.

मोटारीचं आईल आम्ही घरीच बदलायचो. चांद्याच्या अलीकडे मिस्त्री होता कुठे? परसातल्या मोहाच्या झाडाखाली एक चर खणून ठेवला होता. त्यावर मोटार आणायची, इंजिन थोडं चालवून गरम करायचं, मग चरात उतरून इंजिनाच्या तळाशी असलेल्या चेंबरचा नट पान्यानं ढिला करायचा आणि खाली घमेलं धरायचं. हे काम पोचूभाऊनं मला शिकवलं, आणि हळूहळू ते माझंच झालं. रोज सकाळी इंजिनात आईल किती आहे ते दाखवणारी काडी काढून पुसून बघायची, कमी असेल तर भर घालायची, हेही माझ्याकडे. जुनी मोटार आईल पीत होती, त्यामुळे काडी बघितल्याशिवाय तो निघत नसे. मला विचारायचा, मी सांगायचो, की गाडी निघाली.

आता त्या काळ्या आईलचं सांगतो. तुम्हाला वाटेल, खराब आईल, ओतून द्यायचं. आमच्याकडे तसं नव्हतं. आमच्या मातीत उधई, म्हणजे वाळवी, फार. घराचा खांब पुरला की वर्षा-दोन वर्षांत बुडातून पोखरून टाकते. खांबाच्या बुडाला हे काळं आईल चोपडलं की ती जवळ येत नाही, असं सगळ्यांच्या मनात बसलं होतं. म्हणून आईल बदलायच्या दिवशी आमच्या परसात डबे घेऊन माणसं जमायची. दादानं पाळ्या लावून दिल्या होत्या, आणि वाटायचा मी. एरवी मला कुत्रं विचारत नव्हतं. दादाच्या हाताखालचा धाकटा भाऊ, शाळा अर्धवट सोडलेला. त्या एका दिवशी मात्र लोक मला नामदेवभाऊ म्हणायचे. किती बरं वाटायचं म्हणून सांगू?

कवडू पाटील नवं घर बांधत होते. सुमन त्यांची मुलगी. आमच्या लग्नाचं बोलणं उघड झालेलं नव्हतं, पण आईनं एकदा विषय काढला होता आणि पाटलांनी नाही म्हटलं नव्हतं. एवढ्यावर मी हवेत होतो. एक दिवस पाटलांनी मला सहज विचारलं, खांबांना पुरेल इतकं आईल मिळेल काय? मी म्हटलं, डबा भरून देतो. पाळी कुणाची, मोटारीचं आईल बदलायला किती अवकाश आहे — काही विचार केला नाही. शब्द देऊन मोकळा झालो.

खांब उभे करायचा मुहूर्त जवळ आला. आमच्या पिंपात साठवलेलं काळं आईल संपलं होतं. दादा नव्या आईलचा डबा आणायला चांद्याला गेला होता, दुसऱ्या दिवशी वाटेवरून जाणाऱ्या संध्याकाळच्या बसनं यायचा होता. त्या दुपारी घरात कुणी नव्हतं. आई एका लग्नाला गेली होती. आणि माझ्या मनात आलं — आत्ताच थोडं काढून घेतलं तर? अर्धं काढायचं, अर्धं राहू द्यायचं. परवाच्या बाजारापर्यंत मोटार हलणार नाही. उद्या दादा नवा डबा आणतो, मी गुपचूप भर घालतो. कुणाला कळणार?

मोटार चरावरच उभी होती; इंजिन जरा चालवून मी खाली उतरलो. गरम आईलचा नट अर्ध्यातून परत लावता येत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. नट सुटला तो बोटांतून थेट घमेल्यात पडला. मी त्या तापलेल्या आईलमध्ये हात घालून चाचपडत राहिलो, वरून धार मनगटावरून कोपरापर्यंत वाहत राहिली. नट सापडला तेव्हा धार बारीक झाली होती. म्हणजे जवळजवळ सगळंच खाली आलं होतं.

इथे थांबून मला एक गोष्ट नीट लिहायची आहे. ते आईल घमेल्यात होतं. माझ्यासमोर होतं. मी ते गाळून परत ओतू शकत होतो. मी डबा घेऊन बघितला — अर्धं परत ओतलं तर पाटलांचा डबा अर्धा राहतो. अर्धा डबा घेऊन पाटलांच्या दारात जायचं? सुमन ओसरीवर असणार. मी दोन-तीन वाट्या परत ओतल्या, बाकीचा डबा भरला आणि पाटलांकडे नेऊन दिला. सुमननं मला पाणी दिलं. माझा हात भाजला होता, तो मी पाठीमागे लपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आभाळ भरून आलं. भर उन्हाळ्यात ढग. परसात गडबड ऐकू आली म्हणून बाहेर आलो, तर पोचूभाऊ हौद्यात चिंचेची पोती चढवत होता. पाऊस आला तर चिंच सडेल, म्हणून आजच अहेरीला पोचवून येतो म्हणाला. आणि नेमके कवडू पाटील तिथे उभे — संध्याकाळी खांब उभे करायला या, असं बोलावणं घेऊन आलेले.

पोचूभाऊ पोत्यांवरून दोर ओढत होता. ओढता ओढता माझ्याकडे न बघताच त्यानं विचारलं, "नामदेव, काडी पाह्यली का रे?"

मी पाटलांकडे पाहिलं. खरं बोललो तर आता, इथे, त्यांच्यासमोर कळणार होतं की मी भावाच्या मोटारीतून आईल चोरून त्यांना दिलं. ते डबा परत पाठवतील. दादाला कळेल. सुमनचं नाव निघेल. हे सगळं एका श्वासात डोक्यातून गेलं. अहेरी काही फार लांब नाही, पोचेल — असंही वाटलं. की वाटलं असं मी नंतर ठरवलं? मला आता सांगता येत नाही.

"पाह्यली," मी म्हणालो. "बराबर हाय."

तो दिवस मी कसा काढला? आभाळ गडगडलं तरी मला इंजिनाचा आवाज वाटे. वाटेवर जाऊन उभा राहायचो, परत यायचो, आईनं विचारलं तर पोट दुखतंय म्हणायचो. पळत जाऊन त्याला गाठावं असं सकाळीच वाटलं होतं. एखाद्याची सायकल मागता आली असती. मागितली नाही. पाऊस पडलाच नाही. दुपारपर्यंत ढग पांगले.

दिवस कलताना मोटार आली. तिला बैल ओढत होते. वाटेतल्या नाल्याच्या चढावर इंजिन जाम झालं होतं, आणि जवळच्या गावातून बैलांच्या जोड्या आणून ती परत आणली होती. पोरं मागे ओरडत, नाचत होती. स्टिअरिंगवर पोचूभाऊ बसला होता, सरळ समोर बघत. त्याला गप्प बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

दादा त्याच संध्याकाळी आईलचा नवा डबा घेऊन उतरला. त्यानं काडी काढली — कोरडी ठणठणीत. नट तपासला, घट्ट होता. मोटार आईल पिते हे सगळ्यांना ठाऊक. म्हणजे काडी न बघताच डायवर निघाला, दुसरा अर्थ निघत नव्हता. दादा तोंडाला येईल ते बोलला. पोचूभाऊनं ऐकून घेतलं. मग तो माझ्याकडे वळला. रागानं नाही — आधार शोधावा तसा.

"नामदेव, मी तुले विचारलो होतो ना? काडीचं?"

पाटील तिथे नव्हते. ते आपल्या खांबांच्या मुहूर्तात होते. आणखी कुणी सकाळचं ते बोलणं ऐकलेलं नव्हतं. फक्त मी.

"नाई, पोचूभाऊ. तुमी मले काहीच नाई विचारले."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्यानं मला खोटं पाडलं असतं, तर मी कदाचित मोडलो असतो. पण त्याच्या चेहऱ्यावर संशय आला तो माझ्याबद्दल नाही. स्वतःबद्दल. लहानपणापासून मांडीवर बसवून स्टिअरिंग धरायला शिकवलेलं पोरगं खोटं कशाला बोलेल? तो म्हणाला, "मंग मीच भुललो असन." आणि चावी ओट्यावर ठेवून निघून गेला.

मोटार पुढे दुरुस्त झाली. दादानं दुसरा डायवर ठेवला. माझं सुमनशी लग्न झालं. त्या सकाळचं बोलणं पाटलांनी ऐकलं होतं, पण त्यांनी ते पुढे कधी काढलं नाही, आणि मीही विचारलं नाही. पोचूभाऊला कुणी गाडी दिली नाही असं नाही — आलापल्लीच्या एका व्यापाऱ्यानं बोलावलं होतं, पण तोच गेला नाही. म्हणाला, माझ्या डोक्याचा भरवसा नाही. जंगलातल्या डेपोवर लाकडाच्या बैलबंड्या हाकू लागला. त्याची बायको आईकडे येऊन रडायची. घराची कडी लावली की नाही हे तो पुन्हापुन्हा उठून बघतो, बैलांना पाणी दाखवलं का म्हणून तिला विचारत बसतो, असं सांगायची. मी पलीकडे बसून ऐकायचो. एवढंच नाही, मी तिला धीरसुद्धा दिला.

आणि तो ते लपवत नव्हता हो! पुढे गावात जीपा आल्या, ट्रक आले. कुणी नवीन पोरगा डायवर झाला की पोचूभाऊ त्याला थांबवून सांगायचा, काडी स्वतः पाहा बापा, मी एकदा भुललो तर सारं गेलं. चारचौघांत सांगायचा. लोक हसायचे. मीही त्या चारचौघांत असायचो, आणि हसायचो.

तो जाण्याआधी काही दिवस मी त्याला भेटायला गेलो. खाटेवर होता, पण बोलणं स्पष्ट होतं. सुनेला चहा करायला पाठवलं आणि माझा हात धरला. "एक पुसू काय? राग नको मानू. मले कदी कदी असं वाटते का मी तुले विचारलो होतो. पोत्यावर दोर बांधून राह्यलो होतो नं? तुवा आवाज बी आयकू येते. सांग बरं, विचारलो होतो काय?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. दादा कधीच गेला होता. कवडू पाटील गेले होते. लपवावं असं काही उरलं नव्हतं, आणि भीती वाटावी असा कुणी राहिला नव्हता.

मी म्हणालो, "नाई, पोचूभाऊ. नाई विचारले."

त्यानं मान हलवली. "मंग ठीक," म्हणाला. "म्हातारपण, दुसरं काय." सून चहा घेऊन आली, मी तो पूर्ण प्यालो.

त्यानं विचारलं होतं.