झुचावरचा आळ

कोसाराबाईंना संताप यायला फारसं काही लागत नसे, पण त्या मार्चमध्ये त्यांना खरोखरच कारण मिळालं होतं. त्यांच्या मांजरावर आळ आला होता.

जानेवारीपासून बाईंना रोज सकाळी शिंका सुरू झाल्या होत्या. एक-दोन नव्हे, चांगल्या बारा-पंधरा. तिसऱ्या शिंकेला शेजारचा कुत्रा भुंकायला लागायचा. रविवारी मुलगा मिलुतिन नोव्ही साद शहरातून जेवायला आला. कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा हाणता हाणता त्याने आईच्या मांडीवरच्या पिवळ्या बोक्यावर काटा रोखला.

"हा. हाच तो."

"हा कोण?"

"तुझा झुचा. आई, त्याच्या केसांची अ‍ॅलर्जी आहे तुला. पुढच्या रविवारी पिंजरा घेऊन येतो. बायकोच्या मामाकडे गावाला सोडू. कोठार आहे, उंदीर आहेत, मजेत राहील."

"दोन शिकारी कुत्रेही आहेत, ते नाही सांगितलंस."

मिलुतिनने कोबीची आणखी एक गुंडाळी वाढून घेतली.

तिसा नदीकाठच्या आमच्या गावात बाई एकतीस वर्षं पोस्टाच्या काउंटरवर बसल्या, आणि एकतीस वर्षं त्यांनी एकच लढाई लढली. वाऱ्याशी. या बाजूची खिडकी उघडी, समोरचं दार उघडं आणि मधून आरपार वारा, याहून भयंकर गोष्ट आमच्याकडे कोणालाच ठाऊक नाही. मान आखडली, वारा. दात दुखला, वारा. मूल होत नाही, तोही वाराच. पण बाई गावाच्याही चार पावलं पुढे. एकदा वरचे साहेब पाहणीला आले आणि उकडतंय म्हणून त्यांनी खिडकी उघडली. बाईंनी हातातला शिक्का खाली ठेवला, उठल्या, साहेबांच्या नाकासमोर खिडकी लावली आणि परत जागेवर येऊन बसल्या. साहेबांनी घाम पुसत पुसत सह्या केल्या.

नवरा स्तेव्हान सात वर्षांपूर्वी गेला. डॉक्टरांच्या मते हृदय बंद पडून. बाईंच्या मते, गवत कापून घामेजलेला माणूस दोन दारांच्या मधोमध बिअर पीत बसला म्हणून. तेव्हापासून घराच्या खिडक्या ऑक्टोबरात बंद व्हायच्या त्या मेमध्ये उघडायच्या, त्याही एका वेळी एकच. झुचा त्याच वर्षी आला आणि कोणाला न विचारता स्तेव्हानच्या खुर्चीत जाऊन बसला. सात वर्षांत त्या खुर्चीत बसायची परवानगी दुसऱ्या कोणालाही मिळालेली नव्हती.

आणि आता म्हणे त्याला पिंजऱ्यात घालणार!

बाईंनी दवाखान्यात फोन केला. तपासणीचा नंबर नोव्हेंबरचा मिळत होता. "तोवर शिंकू कुठे? तुमच्या फोनमध्ये?" असं विचारून त्यांनी फोन आपटला. कुंपणापलीकडून शेजारीण ग्रोझ्दाना सगळं ऐकत होतीच.

"अगं, देऊन टाक मांजर. माझ्या नणंदेनं दिलं, आठ दिवसांत नाक कोरडं."

"तुझी नणंद गेल्या वर्षी वारली ना?"

"वारली. पण नाक कोरडं होतं."

बाई तडक औषधांच्या दुकानात गेल्या. काउंटरवर एक तरुण मुलगी होती. तिने ऐकून घेतलं आणि घरच्या घरी करायच्या तपासणीचं एक खोकं पुढे ठेवलं. बोट टोचायचं, रक्ताचा थेंब कुपीतल्या पाण्यात मिसळायचा, ते पाणी पट्टीवर टाकायचं. मांजर, गवताचे पराग, धुळीतले बारीक जीव, ज्याची अ‍ॅलर्जी त्याच्यापुढे रेघ उमटते.

"पण मावशी, हा शेवटचा निकाल नाही हं. डॉक्टरांना दाखवायचंच."

"नोव्हेंबरात दाखवीन," बाई म्हणाल्या. "माझ्या बोक्याला रविवारी फासावर चढवताहेत."

घरी येऊन त्यांनी खोकं उघडलं. बोट पुसायला आत एक ओलसर कागद होता. बाईंनी तो दोन बोटांत धरून उजेडात पाहिला आणि केराच्या डब्यात टाकला. असल्या कागदाने कुठे काय स्वच्छ होतं? त्यांनी कपाटातून स्तेव्हानने गाळलेली आलुबुखाराची कडक दारू, राकिया, काढली, बोट पेल्यात चांगलं बुडवलं, उरलेली धीर यावा म्हणून प्यायली आणि ओल्या बोटालाच सुई टोचली. रक्त थेंबासारखं उभं राहीना, बोटभर पसरलं. जे हाती लागलं ते त्यांनी कुपीत ढकललं. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. पट्टीवर एकही रेघ नाही. तपासणी नीट झाली हे सांगणारी रेघसुद्धा नाही.

"बिघडलेला माल खपवता?" दुसऱ्या दिवशी दुकानात त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येत होता.

मुलीने शांतपणे विचारलं, "मावशी, बोट कशानं पुसलंत?"

उत्तर ऐकून रांगेतले दोघे हसले. बाईंनी दुसरं खोकं उचललं आणि जाताना त्या दोघांना सुनावलं, "हसा. तुमच्या घरी मांजरसुद्धा टिकत नसेल."

या वेळी त्यांनी कागदाने बोट पुसलं, वाळू दिलं, आणि राकिया नंतर घेतली. झुचा टेबलावर पट्टीशेजारीच बसला होता. हळूहळू पहिली रेघ आली, तपासणी नीट झाल्याची. मांजरापुढे कोरं. गवतापुढे कोरं. धुळीतल्या जीवांपुढे मात्र पोस्टाच्या शिक्क्यासारखी ठसठशीत काळी रेघ.

"धूळ?" बाई ओरडल्या. "माझ्या घरात?"

हा मांजरावरच्या आळापेक्षाही मोठा अपमान होता. पट्टी घेऊन त्या तशाच दुकानात गेल्या. मुलीने समजावलं: घर कितीही झाडा, हे जीव डोळ्यांना दिसत नाहीत. उबदार, कोंदट खोलीत, जुन्या गाद्या-दुलयांत वाढतात. पांघरुणं बदला, खोलीत वारा खेळू द्या.

"म्हणजे खिडकी उघडू?"

"दोन्ही बाजूंच्या उघडा, मावशी. रोज."

तिने भर बाजारात परकरावर फिरायला सांगितलं असतं तरी बाईंचा चेहरा इतका पडला नसता.

घरी आल्यावर त्या पलंगासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. पलंगावर हंसाच्या पिसांची जाडजूड दुलई होती, लग्नात आईने भरून दिलेली. स्तेव्हान तिच्याखालीच गेला. त्यानंतर ती कधी उन्हातही पडली नव्हती. का, ते बाईंनी कोणाला सांगितलं नव्हतं, आणि विचारायची कोणाची छाती नव्हती. झुचा रोज पहाटे तिच्यावर चढून पंजांनी पिसं मळायचा, आणि मग शिंका सुरू व्हायच्या. सगळ्यांना दिसला तो झुचा.

"आणि तू मुकाट ऐकून घेतलंस," बाई त्याच्यावरच खेकसल्या.

रविवारी मिलुतिन पिंजरा घेऊन आला आणि दारातच थबकला. घराच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्या सताड उघड्या. पडदे छताला लागलेले. आई अंगणात, डोक्याला रुमाल, अंगात हिवाळी कोट, दोरीवरच्या दुलईला काठीने बडवतेय. आत झुचा खुर्चीत पसरलेला.

"आई! वेड लागलंय का तुला? केवढा वारा हा! मान आखडेल माझी!"

"मग त्या पिंजऱ्यात जाऊन बस. तिथे लागत नाही वारा." त्यांनी कोटाच्या खिशातून पट्टी काढून त्याच्या हातावर आपटली. "वाच. मांजरापुढे काय आहे? काही नाही! न विचारता, न तपासता फाशी द्यायला निघाला होतास."

मिलुतिनने पट्टी उलटीसुलटी करून पाहिली. "मग आता?"

बाईंनी काठी खाली टाकली. दुलई दोरीवरून ओढून काढली आणि त्याच्या दोन्ही हातांत कोंबली.

"ही ने गावाला."

तो गुडघ्यावर बसून दुलई पिंजऱ्यात ढकलायला लागला, तशा बाई कडाडल्या, "अरे, नीट घडी घाल! बापाची आहे तुझ्या."