रस्ता ओलांडण्यापुरती परवानगी

माझे वडील माणदेशात मेंढ्या राखायचे. कळप डांबरी रस्त्यावर आला आणि समोर खाकी कपडे दिसले, की साहेब काही बोलायच्या आधीच ते मेंढ्यांसकट खाली उतरायचे. मी पोलिसात भरती झाले तेव्हा त्यांनी गावभर पेढे वाटले. रस्त्यावर उभं राहायचा हक्क घरात आला, असं त्यांना वाटलं असावं.

माझी बदली पाचगणीच्या पुढच्या एका लहानशा शहरात झाली. तिथं पठारावर पर्यटकांना जाड टायरच्या उघड्या गाड्या चालवायला देतात. सगळे त्यांना एटीव्ही म्हणतात. पठारावर धूळ उडवून लोकांचं समाधान होईना, मग त्या बाजारपेठेत येऊ लागल्या. लायसन नाही, हेल्मेट नाही, गल्लीत मोबाईलवर शूटिंग.

त्याच गल्लीत एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहायच्या. सगळे त्यांना बाई म्हणत. त्यांनी घरोघर जाऊन सह्या गोळा केल्या, नगरपालिकेच्या पायऱ्या झिजवल्या आणि शेवटी ठराव झाला: शहरात या गाड्यांना बंदी. फक्त गाड्या ठेवायच्या शेडमधून पठाराकडे जाताना रस्ता ओलांडायची मुभा. बाईंनी मला घरी बोलावून चहा दिला. म्हणाल्या, "आता तू आहेस ना, पोरी. मला काळजी नाही."

पहिल्याच आठवड्यात मी भर बाजारात एक गाडी अडवली. शेडचा मालक धावत आला.

"आवं ताई, गाडी रस्ता वलांडतीया."

"अख्खी बाजारपेठ ओलांडतीया व्हय?"

"आता शेड त्या टोकाला हाय, पठार ह्या टोकाला. आमी काय करावं?"

मी गाडी ठाण्याच्या आवारात आणून लावली. चहा पिऊन होईस्तोवर साहेबांचा निरोप आला, गाडी सोडा. मी त्यांच्या खोलीत जाऊन म्हटलं, साहेब, ठराव आहे. ते फाईलवरून नजर न उचलता म्हणाले, "मॅडम, ठरावात ओलांडायची मुभा आहे. किती लांब ओलांडायचं ते लिहिलेलं नाही."

मालक गाडी न्यायला आला. त्यानं मला नमस्कार केला. तो नमस्कार मला शिवीपेक्षा जास्त लागला. त्यानंतर मी शिट्टी वाजवायची, गाड्या हळू व्हायच्या आणि पुढं जाऊन पुन्हा वेग घ्यायच्या.

एका रविवारी सकाळी बाई दूध घेऊन परतत होत्या. पुण्याहून आलेला एक माणूस मागं बायकोला बसवून एटीव्ही घेऊन गल्लीत शिरला. वळण त्याला जमलं नाही. गाडीच्या धडकेनं बाई त्यांच्याच दाराशी पडल्या. खुबा मोडला.

पंचनामा मी लिहिला. पंच म्हणून मालकाचीच दोन माणसं उभी होती. साहेब मागं उभं राहून सांगत होते, मी लिहीत होते: सदर वाहन रस्ता ओलांडत असताना वृद्ध महिला अचानक समोर आली. मी थांबले. साहेब म्हणाले, "लिहा." मी लिहिलं. ओळ वाकडी गेली नाही. नोकरी, वडिलांचं औषधपाणी, सगळी कारणं माझ्याकडे तयार होती. ती अजूनही आहेत.

बाईंना साताऱ्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं. आठवड्यानं मी मोसंबी घेऊन गेले. त्यांच्या उशाशी पंचनाम्याची नक्कल होती, पुतण्यानं मिळवलेली.

"हे तू लिहिलंस?"

"व्हय, बाई."

चष्मा लावून त्यांनी कागद पुन्हा वाचला. मला वाटलं, आता रागावतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"अक्षर छान आहे तुझं," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड केलं.

पुतण्या त्यांना कराडला घेऊन गेला. मी बदली मागितली, ती शिरवळला मिळाली. इथं दिवसभर हायवेवर ट्रक थांबवते. वडील फोनवर विचारतात, "साहेब लोक मान देत्यात ना गं?" मी व्हय म्हणते. बाईंचं घर आता त्या शेडमालकानं भाड्यानं घेतलंय. ओसरीवर हेल्मेटं टांगलेली असतात. ती कुणी घालत नाही.