नंबराची कोरी जागा

"आदी वास घ्या. मग भांडा."

माझ्या दुकानाच्या पायरीवर डबा टेकवला की मावशीचं पहिलं वाक्य हेच. झाकण काढायचं, चिमूटभर येसूर समोरच्याच्या तळहातावर ठेवायचा आणि त्याची बोटं आपल्या हाताने मिटवायची. "दाबून धरा. हाताची ऊब लागू द्या. आता उघडा." मूठ उघडली की भाव करायला आलेला माणूस क्षणभर गप्प व्हायचा. तेवढ्यात ती भाव सांगून मोकळी.

ज्यांच्या घरी येसूर होत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ आणि मसाले वेगवेगळे भाजून एकत्र दळायचे. घरात भाजी नसेल त्या दिवशी दोन चमचे येसूर उकळत्या पाण्यात टाकला की आमटी होते, आणि भाकरी कुस्करून सगळं घर जेवतं. आमच्या नगर जिल्ह्यात तो बरेचजण करतात. मावशीसारखा कुणी करत नाही, हे मी धंदेवाईक माणूस म्हणून सांगतो.

मी मूळचा कोल्हारचा. हातगाडीवर फुटाणे विकत विकत नेवासा फाट्यावर दुकान टाकलं. चटण्या, पापड, मसाले. मला कुणी काही दिलेलं नाही, म्हणून मीही कुणाला सहज काही देत नाही. पहिल्यांदा मावशी आली तेव्हा तिने सांगितलेला भाव ऐकून मी ओरडलो होतो. तिने डबा उचलला, पायरी उतरली, आणि वळून म्हणाली, "भाऊ, ओरडून झालं की सांगा. मी यष्टी येईस्तोवर हितंच हाय." एसटी आली तेव्हा मीच पायरी उतरून गेलो. एवढ्या वर्षांत माझ्याशी भाव करताना न चिडता जिंकलेलं माणूस ते एकच.

तिचं गाव फाट्यापासून शेवगावच्या बाजूला, कोरडवाहू. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. दोन खणांच्या घरात एकटी राहायची. शेजारीच दीर. गिरणीवर तिचा वेगळा दरारा होता. येसूर दळायला जाताना ती सोबत दोन मुठी जास्तीची बाजरी न्यायची. दळून झालं की ती बाजरी गिरणीत टाकून जातं साफ करून द्यायची, तरी मागच्या बायका करवादायच्या. "मावशे, तुझ्यामागं दळलं की आठ दिस भाकरीला तुझाच वास!" ती म्हणायची, "मग कालवण करू नगंस. पैसं वाचले तुझं."

असं सगळं चाललेलं असताना अन्न खात्याचा एक साहेब दुकानात आला. तरणा, नम्र माणूस. मावशीची पाकिटं हातात घेऊन त्याने उलटीपालटी करून पाहिली. साध्या पिशव्या, मेणबत्तीवर चिकटवलेल्या. "माल चांगला आहे हो," तो म्हणाला, "पण कुणी बनवला, कुठे बनवला, कधी बनवला, काहीच लिहिलेलं नाही. उद्या कुणाचं पोट बिघडलं तर मी कुणाचं दार वाजवू?"

मी भांडलो. मी नेहमीच भांडतो. पण त्याचं म्हणणं मला खोडता येईना, आणि त्याचाच जास्त राग आला. घरी बनवून विकणाऱ्यालाही नोंदणी लागते. नंबर मिळतो, तो पाकिटावर छापायचा, खाली नाव, पत्ता, वजन, आत काय काय आहे ते, तारीख. नोंदणीची फी किरकोळ. नंबर नसलेला माल यापुढे दुकानात दिसला तर माझंच लायसन अडचणीत.

मला वाटलं, मावशी हे ऐकून खचेल. ती हरखली. "म्हंजी सरकार मला नंबर देनार? माज्या नावाचा?"

"तुमच्या नावाचा."

"अन् पाकिटाव माजं नाव? छापील?"

त्यानंतरच्या पंधरा दिवसांत तिने जे केलं ते तुम्ही बघायला हवं होतं. स्वयंपाकघराला दोन हात चुना. खिडकीला जाळी. प्रत्येक डब्याला झाकण, प्रत्येक झाकणाला फडकं. मी एकदा गेलो तर ती चुलीपुढे डोक्यावर पांढरी टोपी घालून बाजरी भाजत होती. केस झाकायचे असा नियम आहे असं मीच सांगितलं होतं.

"ही टोपी कुनाची?"

"मालकांची. ट्रंकेत पडून हुती." तिने उलथनं फिरवलं. "ते असताना कदी चुलीपुडं बसले न्हाईत. आता बसलेत बगा."

नेवाशाला जाऊन तिने लेबलं छापून आणली. नंबर यायच्या आधीच. मी म्हटलं, घाई काय होती? तर म्हणाली, नंबराची जागा कोरी सोडलीय, आला की हाताने लिहीन, तेवढं अक्षर येतंय मला. पिवळा कागद, त्यावर हिरवा ठिपका, 'घरगुती येसूर', खाली तिचं पूर्ण नाव, त्याखाली घर क्रमांकासकट पत्ता. एक लेबल तिने देव्हाऱ्यात ठेवलं होतं.

अडलं ते एका कागदावर. फॉर्मसोबत जागेचा पुरावा लागतो. ग्रामपंचायतीत घर दिराच्या नावावर होतं. भावाभावांची वाटणी तोंडी झालेली, कागदावर कधीच नाही. गावात निम्मी घरं अशीच आहेत आणि कुणाचं काही अडत नाही. दिराने फक्त संमतीपत्रावर सही करायची होती, की या जागेत ही बाई मसाला बनवते, माझी हरकत नाही.

मावशीने त्याला विचारलं होतं. तो म्हणाला होता, "वहिनी, कांदा निघू द्या. मग बघू." मावशी निवांत होती. "भावजींचा सोभाव हाय तसा. कांदा निगंल, च्या पाजीन, सही करत्याल."

पण मला थांबवेना. लग्नसराई तोंडावर होती, गिऱ्हाईक येसूर मागत होतं आणि मी रोज 'नाही' म्हणत होतो. एके दिवशी सकाळी मोटारसायकल काढली आणि सरळ दिराच्या गोठ्यावर गेलो. मावशीला सांगितलंही नाही.

दीर बैलांना वैरण टाकत होता. वर पाहिलं तर गोठ्याचे पत्रे गंजून चाळण झालेले. माझ्या अंगातला व्यापारी जागा झाला. समोरच्याला काय हवंय ते हेरायचं आणि तेच पुढे करायचं, आयुष्यभर मी हेच करत आलो. नमस्कार-चमत्कार न करता म्हणालो, "पाहुणं, एक सही द्या. गोठ्यावर नवे पत्रे टाकून देतो. सगळे."

त्याच्या हातातली वैरण तशीच राहिली.

"कसली सही?"

"संमतीपत्राची. वहिनींच्या मसाल्याच्या."

"एका सहीला आख्ख्या गोठ्याचं पत्रं?"

"व्हय."

त्याने वैरण खाली ठेवली, हात झटकले. मी समजलो, सौदा झाला. मग तो शांतपणे म्हणाला, "शेठ, तुमी फाट्यावर खोबऱ्याच्या वाटीला घासाघीस करनारं मानूस. फुकाट पत्रं देनार न्हाई. त्या कागदात काय हाय, ते आदी सांगा."

"काही नाही त्यात! मसाला बनवायची परवानगी, बस."

"मग पत्रं कशाला?"

उत्तर नसलं की मी चिडतो. चिडून मी नको ते बोललो. तुला कळत नाही, तू अडाणी, भावाच्या बायकोचा घास काढतोस. तो तडक मावशीच्या घरात गेला आणि देव्हाऱ्यातलं लेबल घेऊन आला. बोट ठेवून वाचलं. तिचं नाव. त्याखाली घराचा क्रमांक.

"हे बगा. माज्या घराच्या नंबरावर हिचं नाव, छापील. गावोगाव वाटनार. उद्या कोर्टात हेच दावतील." मग ओसरीत टोपी घालून उभ्या असलेल्या मावशीकडे बघून म्हणाला, "डोस्क्यावर भावाची टोपी चढली तवाच मला कळाया पायजे हुतं."

मावशीने टोपी काढली आणि घडी घातली.

तो पुढच्याच आठवड्यात ग्रामपंचायतीत हरकतीचा अर्ज देऊन आला. मी सरपंचाकडे गेलो, ग्रामसेवकाकडे गेलो, तालुक्याला गेलो, साहेबाला गाठलं. साहेब कळवळून म्हणाला, "जागेवर वाद आहे असं लेखी आल्यावर मी काय करू?" सगळे चहा पाजत होते आणि सगळे बरोबर होते. कुणाचं तरी चुकलेलं असतं तर मी त्याला सोडला नसता.

एक वाट होती. माझ्या दुकानामागे खोली रिकामी होती. माझ्या लायसनवर तिने तिथे बसून बनवावं, असं मी सुचवलं. मावशी येऊन खोली बघून गेली. भिंतीवर हात फिरवला. "चांगली हाय. पर भाऊ, मी हितं दिसभर बसले की तिकडं भावजींचं कुलूप लागंल. मग मी ऱ्हाऊ कुटं?"

"आणि पाकिटावर नाव लागेल माझं," मी म्हणालो. मला लपवाछपवी जमत नाही.

"ते बी हायच," ती म्हणाली.

कुलूप लावायची वेळच आली नाही. कांदा निघाला तेव्हा दिराने चाळीत मावेना असं सांगून उरलेला कांदा मावशीच्या स्वयंपाकघरात भरला. चुना दिलेल्या भिंतीला टेकवून, छातीएवढा ढीग. घर त्याचं, कांदा त्याचा. मावशीची चूल ओसरीत आली. उघड्यावर, धुळीत. तिथे भाजलेला येसूर तिने एकदा आणला, माझ्या तळहातावर ठेवला, मूठ मिटवली, उघडली आणि स्वतःच वास घेऊन म्हणाली, "कांद्याचा वास मारतोय." डबा तसाच परत नेला.

दिवाळीनंतर ती ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेली. तोडायला नव्हे, या वयात कोयता कुठला? टोळीचा स्वयंपाक करायला. जायच्या आदल्या दिवशी दुकानात आली. लेबलांचा गठ्ठा आणि रिकामा डबा माझ्या गल्ल्याशेजारी ठेवला.

"तिकडं खोपीत भिजतील. हितं ऱ्हाऊ द्या."

मी तिची नजर टाळत होतो. तिने ते ओळखलं असावं. जाता जाता, अगदी सहज, भाजीचा भाव विचारावा तशी म्हणाली, "भाऊ, तुमी पत्रं कशाला काडली वो? निस्ता च्या प्याला असता त्यांच्यासंगं, तर झालं असतं."

त्यात तक्रार नव्हती. असती तर मी भांडलो असतो.

टोळी उन्हाळ्यात परत आली. मावशी आली नाही. टोळीतल्या बायकांनी सांगितलं, कारखान्याजवळच्या एका खानावळीत भाकरी थापायला राहिली. तिथे जेवायला गेलेला एक टेम्पोवाला मला म्हणाला, "मावशी चुलीपाशी दिसली. वर भिंतीवर लायसनची फ्रेम हाय, मालकाच्या नावाची. रोज सकाळी ती फ्रेम पुसून मग भाकरीला बसते, असं तिथला वाढपी सांगत हुता." मी त्याच्या हाती निरोप पाठवला. तिचं उत्तर आलं नाही.

त्याच उन्हाळ्यात वावटळ आली. दुसऱ्याच दिवशी दीर दुकानात आला. टोपी हातात.

"शेठ, गोठा उडाला. ते पत्र्याचं तुमी बोलला हुता. अजून हाय का?"

माझ्या ओठावर सगळ्या शिव्या आल्या. पण मी कागद काढला. त्याने सही केली, खाली नाव लिहिलं, मी मागितला नसताना अंगठाही उठवला. "वहिनींना सांगा, कांदा काडून ठिवतो," म्हणाला. पत्रे मी त्याला त्याच दिवशी दिले. भाव केला नाही.

सही झाल्याचा निरोपही मी मावशीला पाठवला, पण ती आली नाही. संमतीपत्र गल्ल्याखाली लेबलांच्या गठ्ठ्यात आहे. लेबलांवर तिचं नाव आहे, घराचा क्रमांक आहे, नंबराची जागा कोरी आहे. अजूनही एखादं जुनं गिऱ्हाईक गाडी थांबवून येसूर विचारतं. मी नाही म्हणतो. फारच आग्रह केला तर रिकामा डबा काढून झाकण उघडतो. गेल्या वर्षी त्यात अजून थोडा मसाल्याचा वास होता.

परवा एकाने डब्यात नाक घालून वर पाहिलं आणि म्हणाला, "यात कांदे ठेवले होते का?"