बिलावरचं मशीन आणि वाडीतलं मशीन

"अंकल, तुमच्या मशीनचा नंबर चुकलाय."

"मशीनचा कसा चुकेल? कागदाचा चुकला असेल," रेमंड अंकल म्हणाले.

भुईगावात, त्यांच्या केळीच्या वाडीत, मी पॉवर वीडरसमोर उकिडवा बसलो होतो. पॉवर वीडर म्हणजे तण काढायचं, माती भुसभुशीत करायचं छोटं मशीन. हँडलला झेंडूची सुकलेली माळ. इंजिनावर एक नंबर, माझ्या हातातल्या बिलावर दुसराच. तीनदा वाचला. चष्मा पुसून परत वाचला. काही फरक नाही.

मी कृषी सहायक. सरकारी अनुदानातून घेतलेली वस्तू शेतकऱ्याकडे खरंच आहे का, हे जाऊन बघायचं माझं काम. त्याला मोका तपासणी म्हणतात. क्रम असा असतो. शेतकरी पोर्टलवर अर्ज करतो. निवड झाली की ऑफिस पूर्वसंमती देतं, म्हणजे 'घ्या आता'. मग त्याने स्वतःचे पैसे घालून नवी वस्तू घ्यायची, बिल अपलोड करायचं. मग मी जातो, फोटो काढतो, आणि अनुदान खात्यात येतं. पूर्वसंमतीआधी खरेदी केली तर अर्ज बाद. बिल एकाचं आणि वस्तू दुसरी, तरी बाद.

अंकलनी विहिरीच्या पंपाचे पैसे या मशीनमध्ये घातले होते. अनुदान आलं तर पंप, नाहीतर उन्हाळ्यात केळी सुकणार. म्हणून ते माझ्या मागे उभं राहून माझ्यापेक्षा जोरात नंबर वाचत होते.

मी मॅडमना, म्हणजे माझ्या साहेबांना, फोन लावला.

"मॅडम, नंबर मॅच होत नाही."

"कशाचा?"

"इंजिनाचा. बिलाशी."

"बिल कोणाचं?"

"अंकलचं."

"आणि मशीन?"

"तेही अंकलचंच म्हणतायत."

"मग प्रॉब्लेम कोणाचा आहे?"

एवढं बोलून त्या मीटिंगमध्ये गेल्या. मॅडमचा हा 'कोणाचा आहे?' मी ऑफिसात त्यांच्या आवाजात हुबेहूब काढतो, लोक मॅडम आल्या समजून टेबलाखाली घुसतात. त्या दिवशी मात्र प्रॉब्लेम बहुतेक माझाच होता.

डीलरला लावला.

"साहेब, माल एकदम ओके दिलाय. आपल्याकडे मिस्टेक नाय. तुम्ही कुठल्या मशीनजवळ उभे आहात?"

"कुठल्या म्हणजे? किती आहेत?"

"हॅलो? हॅलो? साहेब, रेंज नाय." फोन कट.

मी अंकलकडे बघितलं. अंकल केळीच्या घडाकडे बघत होते.

तेवढ्यात अंकलच्या मिसेस, सिसिलिया आंटी, चहा घेऊन आल्या. "पोरा, फोटोच पाहिजे ना? माझ्याकडे मस्त आहे." मोबाईल पुढे केला. फोटोत हेच मशीन, हीच माळ, तेव्हा ताजी. शेजारी फादर पाणी शिंपडतायत.

"हा कधीचा?"

"आगेऱ्याचा."

आगेरा म्हणजे आमच्या वसईतला नव्या पिकाचा सण. कणसं चर्चमध्ये नेतात, फादर आशीर्वाद देतात. तो रविवारी झाला होता. अंकलची पूर्वसंमती आली त्यानंतर, मंगळवारी. मी कप खाली ठेवला.

"आंटी, म्हणजे मशीन आधीच घेतलंत? गेलं अनुदान!"

"घेतलं कुठे? मागून आणलं. पिकाला आशीर्वाद मिळणार आणि मशीनला नाही, असं कसं? डीलरकडे गिऱ्हाइकांना दाखवायचं एक होतं, ते दोन दिवसांसाठी आणलं."

"मग नवीन कुठाय?"

"आलेलं ना. खोक्यात. बिल पण आलं."

"मग?"

"मग परत पाठवलं."

"नवीन परत पाठवलं?"

"मग काय आशीर्वाद दिलेलं परत पाठवू? तूच सांग!"

डीलरला पण आंटींनी हेच विचारलं असणार. त्याने गुपचूप नवीन टेंपोत घातलं आणि वापरलेलं इथेच ठेवलं.

"अंकल, तुम्हाला माहीत होतं?"

"मला वाटलं, रंग सेम आहे, चालेल."

आता गुंता सुटला होता, पण काम अडकलं होतं. खरेदी नियमातच होती, फक्त बिलातलं मशीन डीलरच्या दुकानात. जुन्यावर अनुदान नाही. नवीन आणा म्हटलं तर आंटी माळेवर हात ठेवून उभ्या.

मी फादरचा आवाज काढून बघितला. "सिसिलिया, मशीन बदल, माझ्या मुली."

आंटी खळखळून हसल्या. "फादर असं बोलतात होय रे? नाटक्या!" पण जागच्या हलल्या नाहीत. शेवटी खऱ्या फादरना फोन लावला, स्पीकरवर सगळं सांगितलं.

"सिसिलिया," फादर म्हणाले, "आशीर्वादाला कोटा नसतो. दुसरं आण, संध्याकाळी येतो."

नवीन मशीन घेऊन आलेला डीलरचा टेंपो वाडीच्या बोळात अर्ध्यातच अडकला. मशीन चौघांनी उचलून आणलं. नंबर जुळला, पाणी शिंपडलं, मी फोटो काढला. आमच्या ॲपच्या फोटोवर जागा आणि वेळ आपोआप उमटते. आंटींच्या हट्टाने फादर मधोमध. तो फोटो दोन दिवसांनी ऑफिसातून परत आला. शेरा: 'अर्जदार धर्मगुरू आहेत का, खुलासा करावा.' परत गेलो, एकट्या अंकलचा काढला.

अनुदान आलं. उशिरा आलं, पण पंप बसला आणि केळी वाचली. बिलातलं मशीन परत नेलं म्हणून डीलरला नोटीस गेली.

आता मी तपासणीत एक प्रश्न जास्तीचा विचारतो, फॉर्मवर नाही तो. "आगेऱ्याला हेच होतं का?" हिंदू वाड्यांमध्ये विचारतो, "दसऱ्याला पूजा ह्याचीच केली ना?"

मागच्या आठवड्यात एका काकांनी बायकोकडे बघितलं आणि म्हणाले, "साहेब, आधी चहा घ्या."