सोनेगावला जायचं कसं

स्वतः विमानात एकदाही न बसता सोनेगावच्या विमानतळावर जाण्याचं शास्त्र कोणी पूर्णत्वाला नेलं असेल, तर ते धंतोलीतल्या आमच्या शेजारच्या काकांनी. त्या काळी आमच्या गल्लीतून विमानानं जाणारं माणूस वर्षाकाठी एखादंच निघे. पण निघालं की तिकिटाआधी काकांचा सल्ला घेतला जाई, आणि नाही घेतला तर काका तो घरपोच आणून देत. टांगा नको, घोड्याच्या मनाचा भरवसा नाही. स्कूटर नको, सुटकेस धरायची की चालवणाऱ्याला, हा प्रश्न प्रत्येक वळणावर पडतो. विमान कंपनीची बस वक्तशीर, पण "ते कोणासाठी थांबून नाही राहत गा!" शेवटी गाडी ऑटोवर येऊन थांबे. त्यातही ऑटोवाल्याला आदल्या दिवशी सोनेगावपर्यंत नेऊन काका रंगीत तालीम घेत. एका वकीलसाहेबांना तर त्यांनी इतक्या लवकर पोचवलं, की चौकीदारानं विचारलं, "कोणाले भेटायचं आहे?"

मग त्यांची एकुलती एक मुलगी परदेशी निघाली. जावई आधीच पुढे गेले होते; तिला दुपारचं दिल्लीचं विमान गाठायचं होतं. दारात ऑटो येणार हे सगळी गल्ली धरून चालली होती, आणि आली सायकलरिक्षा! तिच्या हातावर दही ठेवता ठेवता काकू कडाडल्या, "पोरीचं विमान चुकवता काय?"

"ऑटोत बोललेलं ऐकू येत नाही," एवढंच काका म्हणाले.

बापलेक रिक्षात बसले. मी कॅरिअरला बॅग बांधून वर्धा रोडनं त्यांच्या बाजूनं सायकल मारत होतो. पण ज्यासाठी ऑटो नाकारला, ते बोलणं काही निघेना. बऱ्याच वेळानं काका म्हणाले, "लोणच्याच्या बरणीचं झाकण घट्ट लावलं ना वं?"

"हो बाबा."

थोडं पुढे गेल्यावर त्यांनी पुन्हा तेच विचारलं, आणि तिनंही पहिल्यांदाच ऐकल्यासारखं उत्तर दिलं. मला दोघांकडे बघवेना. मी सायकल जरा मागे घेतली.

विमान मिळालं. ते आभाळात दिसेनासं झालं तरी काका कठडा धरून उभेच होते. रिक्षावाला दुसरं भाडं घेऊन केव्हाच निघून गेला होता. शेवटी मीच विचारलं, "काका, आता घरी कसं जायचं?"

अख्ख्या धंतोलीला वाट सांगणारा तो माणूस माझ्याकडे गोंधळून बघत राहिला.

"परत यायचं काही ठरवलंच नव्हतं गा मी," ते म्हणाले. "तूच सांग."