ओर्लीन झाडावर चढली

ओर्लीनच्या नारळाच्या पावाला समुद्रकाठच्या अख्ख्या काहुइता गावात तोड नव्हती. पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, आणि या वयात बाई झाडांना उलट्या लटकणाऱ्या सुस्त स्लॉथांच्या मागे लागली. याहायरा नावाची संशोधक मुलगी रानातले स्लॉथ दिवसभर काय करतात ते बघायला आली होती. तिला पगारी मदतनीस हवी होती. ओर्लीन सहज म्हणून गेली ती तिथलीच झाली. दुर्बीण लावून मान अवघडेपर्यंत बघत बसायची. स्लॉथाने पान तोडलं, कूस बदलली, तरी हिला कोण आनंद!

"आळशाकडे बघायचा पगार!" नणंद डेल्सी भर बाजारात म्हणायची. "मग माझ्या नवऱ्याकडे बघ की. तोही हलत नाही."

ओर्लीन हसण्यावारी न्यायची. पण एक गोष्ट तिला सलत होती. दोराने झाडावर चढायला शिकताना ती पहिल्याच फांदीशी थिजली होती. डोळे मिटलेल्या ओर्लीनला याहायराने लहान मुलासारखं खाली उतरवलं होतं.

पावसाळा संपता संपता त्यांची लाडकी स्लॉथ मादी पिंता दिसेनाशी झाली. तिच्या गळ्यातल्या रेडिओ-पट्ट्याचे संकेत एकाच झाडावरून येत राहिले. एरवी ती झाडं बदलायची. त्यातच याहायराचा पाय मुरगळलेला.

"पट्टा गळून अडकला असेल," याहायरा म्हणाली. मग हळूच म्हणाली, "नाहीतर ती गेली असेल, ओर्लीनबाई."

"दोर बांध."

"तुम्ही?"

"मग काय डेल्सी चढणार? बांध घट्ट!"

पहिल्या फांदीशी ती पुन्हा अडलीच. ओर्लीनने बुंध्याला कपाळ टेकलं, एक सणसणीत शिवी हासडली आणि हात वर टाकला. मग आणखी वर. फांद्या निसरड्या, मुंग्या मानेवर, खालून याहायराचा आवाज बारीक होत गेलेला.

दाट वेलींच्या जाळीत पिंता बसली होती. तिने सावकाश मान वळवली. तिच्या पोटावरच्या ओल्या केसांतून एक इवलंसं तोंड बाहेर डोकावत होतं.

"मेली का हो?" खालून याहायरा ओरडली.

"बाळंतीण झालीय!" ओर्लीन इतक्या जोरात ओरडली की माकडं उधळली. "अगं, पोर झालंय आपल्या पिंताला!"

खाली याहायरा मुरगळलेल्या पायानेच नाचत होती. ओर्लीनला मात्र उतरायची घाई नव्हती. पानांच्या फटीतून निळा समुद्र दिसत होता, गावातली छपरं दिसत होती, त्यांत डेल्सीचंही होतं. तिने त्या छपराकडे बघून हात हलवला आणि फांदीवर ऐसपैस बसली.