ग्रेस आणि माझा पहिला नंबर

लग्न करून मी कॉलेजात परतले, तेव्हा कालपर्यंत नावाने हाक मारणारी मुलं एकदम 'वहिनी' म्हणायला लागली. वहिनीशी कुणी फार बोलत नाही, पण वहिनीसमोर सगळे सगळं बोलतात! माझ्याकडे किस्से साठले ते असे.

बीएस्सीचं शेवटचं वर्ष. सासऱ्यांनी लग्नातच सांगितलं होतं, "पयली आलीस तर पुन्याला एमेस्सी. न्हाईतर केडगावात घर हाय, म्हशी हायेत." आमचे हे नोकरीला पुण्यातच होते, एवढंच सांगते.

त्या वर्षीच्या जूनमध्ये आमच्या वर्गात केनियाची ग्रेस दाखल झाली. पहिल्याच चाचणीत पन्नासपैकी अठ्ठेचाळीस! मागच्या बाकावरून काष्टीचा बापू कुजबुजला,

"वहिनी, तुमच्या म्हशी पक्क्या!"

* * *

मुलांनाही धास्ती होतीच. निदान कशात तरी हरवायचं म्हणून बापूने डब्यातला ठेचा तिच्यापुढे सरकवला. सगळे पाण्याचा तांब्या धरून वाट बघत बसले. ग्रेसने भाकरीने सगळा ठेचा पुसून खाल्ला आणि विचारलं,

"आणखी आहे?"

बापू रडकुंडीला आला. "आता ऱ्हायलं काय आपल्याकडं?"

* * *

प्रॅक्टिकलला कोणतं सॉल्ट आलंय, ते लॅबमधले शिपाईमामा बोटांनी खुणावत. ही जुनी पद्धत! ग्रेसला वाटलं, मामा नमस्कार करताहेत. तिने उलट नमस्कार केला आणि मुकाट परीक्षानळी तापवायला घेतली.

त्या दिवशी सरांनी बाटल्याच बदलल्या होत्या. ग्रेस सोडून सगळ्यांचं उत्तर एकच, आणि चूक. माझंसुद्धा!

सर म्हणाले, "एवढं एकमत तर ग्रामपंचायतीतही होत नाही!"

* * *

घरी सासरे रोज संध्याकाळी विचारायचे, "ती पोरगी आजारी-बिजारी पडती का न्हाई?"

सासूबाई आतून ओरडायच्या, "अवो, कुनाची तरी लेक हाय ती!"

मी खाली मान घालून भाकरी थापायचे. मनातून तसंच मलाही वाटायचं.

* * *

हा किस्सा मी कुणाला सांगितलेला नाही. लायब्ररीत फिजिकल केमिस्ट्रीचं एकच चांगलं पुस्तक होतं. ते मी बालसाहित्याच्या कपाटात मागे दडवलं. तिथे कोण जाणार?

दुसऱ्या दिवशी ग्रेस तिथेच! मराठी शिकायला ती रोज लहान मुलांची पुस्तकं वाचायची. धावत आली.

"बघ, हरवलेलं पुस्तक सापडलं! आधी तू वाच."

रात्रभर पानं उलटली, एक अक्षर दिसलं नाही.

* * *

परीक्षेच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, सासूबाईंनी मला चुलीपुढे बसवलं. मुठीत मीठ-मोहऱ्या घेऊन माझ्यावरून उतरवत पुटपुटायला लागल्या, "आल्यागेल्याची, शेजाऱ्यापाजाऱ्याची, त्या केनियाच्या पोरीची..."

दारात ग्रेस उभी! सायकलवरून माझी वही परत द्यायला आली होती.

सासूबाईंची मूठ हवेतच राहिली. तिला आता चांगलंच मराठी कळत होतं.

"हे काय करता?" तिने विचारलं.

"दृष्ट काढती," सासूबाई कशाबशा बोलल्या. "परीक्षेत कुनाची नजर लागू नये म्हनून."

ग्रेसने चपला काढल्या. माझ्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लावून बसली.

"आई, माझीपण काढा."

"तुला गं कुनाची नजर लागनार?"

ग्रेसने माझ्याकडे बोट दाखवलं.

सासूबाईंनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मग मिठाची बरणी पुन्हा उघडली आणि या खेपेला मूठ मोठी भरली.